पाहुण्यांचा गॅस

आमच्या कामात सगळ्यात मोठा अडथळा कोणता, असं कुणी विचारलं तर मी चहा असं सांगते. खराब रस्ता, परभणीचं ऊन, चुकलेली एसटी, आडमुठा सरपंच, या सगळ्यांतून वाट निघते. चहातून निघत नाही. हे ऐकून या अंकाचे संपादक फोनवर मोकळेपणी हसले आणि म्हणाले, याच्यावरच लिहा ताई, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं. मी हो म्हणून बसले. आता लिहायला घेतल्यावर कळतंय की यात हलकं फारसं काही नाही, आणि मीही तेवढी ताजी राहिलेली नाही.

मी आयुष्यभर काय करत होते हे माझ्या सख्ख्या बहिणीलाही नीट सांगता येत नाही. ती म्हणते, आमची ताई सोलरमध्ये आहे. त्यामुळे प्रत्येक लग्नात कुणीतरी मला गाठून पाणी तापवायच्या यंत्राची चौकशी करतं आणि तुमच्या ओळखीत स्वस्त मिळेल का म्हणून विचारतं. माझा त्या यंत्राशी काही संबंध नाही. मी एका संस्थेत संशोधक होते. परभणी जिल्ह्यातल्या घराघरांत जायचं, स्वयंपाक कशावर होतो, दिवा कशावर लागतो, सरपण कोण आणतं, उन्हावर चालणारी एखादी वस्तू कुणी दिली असेल तर ती चालते की नुसती दिसते, हे बघायचं आणि लिहायचं. कागदावर याला ऊर्जा-दारिद्र्य म्हणतात. हा शब्द मी गावात एकदाच तोंडातून काढला. समोरच्या आजीनं मला आधी बसायला सांगितलं आणि मग पाणी दिलं.

साध्या भाषेत सांगायचं तर, जिला चूल पेटवायच्या आधी आज काय जाळू असा विचार करावा लागतो, ती बाई या दारिद्र्यात आहे. मग तिच्या घरी टीव्ही असो, नवऱ्याच्या बुडाखाली मोटारसायकल असो. कपाशी निघाली की पऱ्हाट्या, तूर निघाली की तुरीची खोडं, तेही संपलं की गोवऱ्या, आणि आभाळ भरून आलं की यातलं काहीच धड पेटत नाही. जळतं कमी, धुमसतं जास्त. तो धूर ज्या छातीत जातो, ती छाती आमच्या अहवालात कुठल्या रकान्यात बसवायची हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

कामाच्या काही खुब्या असतात. पहिली म्हणजे पुरुषाला विचारायचं नाही. तो खोटं बोलतो असं नाही, त्याला ठाऊकच नसतं. ज्या दिवशी तो गॅसची टाकी घरात आणतो, त्या दिवसापासून तो गॅसवाल्या घरात राहायला लागतो. टाकी कधी संपली, याचा त्याला पत्ता नसतो, कारण भाकरी तर रोज ताटात येतेच. दुसरी खुबी म्हणजे स्वयंपाक कशावर करता, असं विचारायचं नाही. त्याचं उत्तर सगळे गॅस असंच देतात. काल संध्याकाळची भाकरी कशावर केली, असं विचारायचं. काल संध्याकाळ म्हटलं की बाईच्या डोळ्यांपुढे ती भाकरी येते आणि ती खरं सांगून टाकते. तिसरी खुबी म्हणजे डोळे उघडे ठेवायचे. पेडगावच्या बाजूला एका घरात शेगडी अजून दुकानातल्या प्लास्टिकमध्येच होती. हळदकुंकू लावलेलं, वर विणलेला रुमाल. वापरत का नाही, म्हटल्यावर ती बाई म्हणाली, वापरली तर जुनी होईल की.

हे सगळं मी नव्या मुलींना शिकवायचे. त्यातली दुसरी खुबी त्यांना फार आवडायची, की घरच्या बाईनं कालच्या भाकरीबद्दल सांगितलं ते अखेरचं, त्याच्यावर साहेबाचंही चालत नाही. मलाही आवडायची. तिनंच पुढे माझा घात केला, पण ते नंतर.

आणि ऊन. आमच्या जिल्ह्यात पिकत नाही त्या वर्षीही ऊन पिकतं. मोठमोठ्या माणसांनी या उन्हाकडे बघून मोठमोठी स्वप्नं पाहिली आणि गावोगाव पत्र्यांवर काळ्या काचा बसल्या. काही ठिकाणी त्यांचं सोनं झालं. उन्हावरच्या पंपानं पिकाला दिवसा पाणी देता यायला लागल्यावर शेतकरी कित्येक वर्षांनी रात्री पोटभर झोपले, हे मी स्वतः पाहिलंय. पण कितीतरी घरांत बॅटरी बिघडली, दुरुस्त करणारा आला नाही आणि काच तेवढी वर राहिली. एका बाईनं तिच्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. पुण्याहून आलेला इंजिनिअर चिडला. बाई म्हणाली, जिमिनीवर कुत्री तोंड लावतेत. मी त्या कुरडया खाल्ल्या, चांगल्या होत्या. आणि कागदावर लिहिलं, बंद. हा शब्द मी इतक्या वेळा लिहिलाय की आता घरातला पंखा थांबला तरी तोच आठवतो. आम्ही लिहायचो आणि पुढच्या गावाला जायचो. दुरुस्त करणं आमच्या कामात नव्हतं.

आता चहाकडे येते.

पालम तालुक्यातलं एक गाव. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथं नांदतात. गावाच्या कडेला बौद्ध वस्ती, एका बोळीत समोरासमोर घरं. मीही त्याच समाजातली. वडील परभणीत कारकून होते म्हणून मी शिकले, नाहीतर अशाच एखाद्या बोळीत मी प्रश्नाला उत्तर देणारी असते. जयभीम म्हटलं की तिथं मला ओसरीवर थांबावं लागत नाही, सरळ चुलीपर्यंत जाता येतं. पण त्या बोळीत पहिल्या दिवशी मला प्रत्येक घरानं ओसरीवरच बसवून घेतलं. प्रश्न चालू असायचे आणि घराच्या मागून काहीतरी लोळवत नेल्याचा आवाज यायचा. थोड्या वेळानं आत बोलवायचे, आणि आत गॅसवर चहा.

पहिल्या घरात गॅसवर, दुसऱ्या घरात गॅसवर, तिसऱ्या घरातही. मी मनात म्हटलं, वा, सुधारली वस्ती. चौथं घर गयाबाईंचं. तिथं चहा घेताना माझी नजर टाकीवर गेली. टाकीची वरची कडी एका बाजूनं चेपलेली आणि तिला निळ्या लुगड्याची चिंधी बांधलेली. हीच टाकी मी सकाळपासून चौथ्यांदा पाहत होते.

हसू यावं अशीच गोष्ट होती, आणि मी आलेही हसत बाहेर. गयाबाईंची सून रेखा मला एसटीच्या फाट्यापर्यंत सोडायला आली. हडकुळी पोरगी, बोलताना मधेच थांबायची, आणि थांबली की छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. मी तिला काल संध्याकाळच्या भाकरीचं विचारलं. ती म्हणाली, "चुलीवर केली की ताई. गॅस आमचा कवाच संपला. त्यो पद्मिनबाईचा हाय, पाहुण्यांचा."

पद्मिनबाई म्हणजे बोळीच्या टोकाच्या घरच्या. मुलगा गंगाखेडला शिक्षक, त्यामुळे त्यांची टाकी भरलेली असते. बाकीच्यांच्या टाक्या सरकारी योजनेतून आलेल्या, एकदा संपल्या त्या पुन्हा भरल्याच नाहीत. त्या ज्याच्या त्याच्या घरात धुऊनपुसून ठेवलेल्या असत. कुणाकडे पाहुणा आला की पद्मिनबाईंची टाकी मागच्या बाजूनं त्या घरात जायची, चहा झाला की परत. कुणी मागत नसे, कुणी उपकार म्हणत नसे. अख्ख्या बोळीची पत त्या एका टाकीवर चालली होती.

आता पाहा, पाहणी करणारा माणूस म्हणजे पाहुणाच. तो कधीही आला, कुणाकडेही आला, तर त्याला गॅसच दिसणार. आमच्या आधी येऊन गेलेल्यांनी त्या वस्तीत घरोघर गॅस असं लिहून ठेवलं होतं ते काही खोटं नव्हतं. त्यांनी पाहिलं ते लिहिलं. मी माझ्या अहवालात खाली बारीक टाइपात सगळा प्रकार सांगितला. बारीक टाइप कुणी वाचत नाही.

रेखाला दम्याचा त्रास होता. गंगाखेडच्या डॉक्टरांनी ओढायचा पंप दिला होता आणि स्पष्ट सांगितलं होतं की धुरात बसशील तर पंपाचा काही उपयोग नाही, एखाद्या दिवशी श्वास अडकला तो अडकलाच. नवरा पुण्यात टेम्पो चालवायचा, सणावाराला यायचा. घरात सासू, सून आणि रेखाची दोन लेकरं. तिन्ही त्रिकाळ चुलीपुढे रेखाच. गयाबाई वाईट सासू नव्हत्या. त्या रानात रोजानं जायच्या, मग घरचं सुनेनं बघायचं, एवढा साधा हिशोब.

म्हणून जेव्हा एका संस्थेनं उन्हावर चालणाऱ्या शेगड्या थोड्या घरांना देऊन बघायचं ठरवलं, तेव्हा मी पहिलं नाव रेखाचं दिलं. पत्र्यावर काच, खाली बॅटरी, तिच्यावर विजेची शेगडी, आणि दुरुस्तीला माणूसही नेमलेला. धूर नाही, टाकी नाही. अट एकच की घरात स्वयंपाक सरपणावर होत असला पाहिजे. निवडीच्या आधी संस्थेची माणसं स्वतः घर बघून जाणार होती.

घर बघायला येणार म्हणजे चहा होणार. कुणाला उत्तरं शिकवून ठेवायची नाहीत हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. मी तो मोडला, आणि त्याचं मला काही वाटत नाही. आदल्या दिवशी मुद्दाम गेले आणि गयाबाईंना समजावलं, की उद्या लोक येतील, त्यांना चहा द्यायचाच असेल तर चुलीवर करा. पद्मिनबाईंची टाकी आणू नका. गॅस दिसला तर रेखाची शेगडी जाईल. गयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली. रेखानंही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून गाडी आली. साहेब भला माणूस होता, हे मी आजही सांगते; आमच्या एका प्रशिक्षणात माझ्या खुब्या त्यानं वहीत उतरवून घेतल्या होत्या. बूट दाराबाहेर काढले, खुर्ची आणली तर नको म्हणाला, सतरंजीवर गयाबाईंच्या समोर मांडी घालून बसला. सोबत सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक, दारात अख्खी बोळ. गयाबाईंनी चहाचं विचारलं, तर साहेब हसून म्हणाला, "आजी, चहा घेतल्याशिवाय मी हलणारच नाही."

बिचाऱ्याला काय ठाऊक. सरपंच आणि पाटीलही मग खाली बसले. त्या घरात ते याआधी कधी बसले नसावेत, कारण पाटलाला पाय कुठं ठेवावे ते कळत नव्हतं. गयाबाई उठून आत गेल्या. मी त्यांच्या मागोमाग गेले, तर त्यांनी मागचं दार उघडलं होतं आणि पद्मिनबाई टाकी आत लोळवत होत्या.

मी हळूच म्हटलं, गयाबाई, काल काय ठरलं होतं. त्यांनी शेगडीची नळी जोडता जोडता माझ्याकडे न बघता सांगितलं, "बाई, माझ्या सासऱ्याला ह्याच गावात वरून पानी वाढलंय. आज पाटील माझ्या सतरंजीवर बसून चहाची वाट बघायलाय. त्याला धुराचा चहा दिऊ? त्यो वास घिऊन जाईल त्यो, अन गावभर सांगत फिरंल."

माझ्या आजीनंही हेच केलं असतं. माझ्या आईनं तर साहेबासाठी नवी कपबशी आणायला माणूस पळवला असता. मला गयाबाईंचा राग आला, आणि त्या चुकताहेत असं म्हणायला जीभही वळेना. दोन्ही एकदमच झालं. रेखा कोपऱ्यात कप पुसत होती.

चहा झाला. सगळ्यांनी घेतला, पाटलानंही घेतला. मग साहेबानं आत डोकावून टाकी पाहिली आणि साध्या आवाजात विचारलं, आजी, हा गॅस तुमचाच ना? आमच्या कागदावर तर सरपण लिहिलंय.

दारात पद्मिनबाई उभ्या होत्या. सगळी बोळ उभी होती. गयाबाईंनी खरं सांगितलं असतं तर शेगडी घरात आली असती. त्या म्हणाल्या, "आमचाच हाय सायेब. दुसऱ्याचा आनून पाहुन्याला चहा पाजायची येळ आमच्यावर न्हाई आली अजून."

पद्मिनबाई खाली बघत राहिल्या. मला वाटलं, आता मीच बोलावं, आणि मी बोलायला तोंड उघडलं तोवर साहेबानं हात वर करून मला थांबवलं. तो रेखाकडे वळला आणि माझाच प्रश्न, माझ्याच शब्दांत विचारला, की ताई, काल संध्याकाळची भाकरी कशावर केली?

रेखाच्या छातीची शिट्टी मला उभ्या जागी ऐकू येत होती. तिनं सासूकडे पाहिलं. गयाबाई तिच्याकडे बघत नव्हत्या, त्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघत होत्या. रेखा म्हणाली, "गॅसवर."

परतताना मी गाडीत भांडले. टाकी कुणाची, चिंधी कसली, लोळवत कशी नेतात, सगळं सांगितलं. साहेब शांतपणे ऐकत होता. म्हणाला, मॅडम, मला तुमचं पटतंय. पण घरच्या बाईनं सांगितलेलं अखेरचं, हे मला तुम्हीच शिकवलंत. तिच्या तोंडचं खोडून तुमचं लिहिलं, तर उद्या प्रत्येक गावात कुणीतरी येऊन हेच सांगेल. त्याचंही चूक नव्हतं. या प्रकरणात चुकलेला माणूस मला आजपर्यंत सापडलेला नाही, आणि म्हणूनच मला याचा इतका कंटाळा येतो. कुणी चोर असतं तर निदान चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

शेगडी त्याच गावात दुसऱ्या एका घराला मिळाली. ती चालते, आणि त्या घरच्या बाईबद्दल माझ्या मनात वाकडं काही नाही. मी रेखासाठी आणखी दोन-तीन ठिकाणी शब्द टाकून पाहिला, पण आता कागदावर ते घर गॅसवालं होतं. कागदावरचा गॅस कधी संपत नाही.

निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात मी काही काम नसताना त्या गावाला गेले. पालमला एसटी बदलली आणि फाट्यावरून चालत निघाले. गुडघे आता कुरकुरतात, त्यामुळे बराच वेळ लागला. जाताना एकच भीती होती की रेखा दिसेल की नाही.

रेखा अंगणात उन्हाला पाय पसरून ज्वारी निवडत बसली होती. अंग जरा भरलं होतं. बोलताना थांबत नव्हती. पंप कमी लागतो का, विचारलं, तर म्हणाली, आता महिना महिना लागत न्हाई. मला इतकं बरं वाटलं की मी तिच्या शेजारी खालीच बसले. मग नजर दाराकडे गेली. दारातून धूर येत होता.

मी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं. साहेबाची गाडी फाट्यापर्यंत पोचली नसेल तोवर गयाबाईंनी तिच्या हातातला तवा काढून घेतला होता. शेगडी मी घालवली, आता चुलीपुढं मी बसणार, म्हणाल्या. रानातली रोजंदारी सोडली. आता रेखा रानात जाते आणि सासू सैपाक करून सुनेला वाढते. सुरुवातीला बोळीतल्या बायका हसल्या, सासूला उलटी अक्कल आली म्हणाल्या. गयाबाईंनी कुणाकडे लक्ष दिलं नाही.

"मग बरंच झालं की," मी म्हटलं.

रेखानं सूप खाली ठेवलं. "ताई, खोकला घरातून गेला न्हाई. माझ्याकडून त्यांच्याकडं गेला. दवाखान्यात चला म्हनलं की म्हनतेत, मला कशाचा दवाखाना, मी हाय तवर हाय."

आत गयाबाईंना मी आल्याचं कळलं असावं, कारण भांड्यांचा आवाज झाला, आणि त्याच्या पाठोपाठ खोकल्याची उबळ आली. ती लवकर थांबेना. रेखा उठून दाराकडे धावली. आतून, खोकल्यातूनच, आवाज आला.

"बाहीरच बस म्हनलं ना तुला."

रेखा उंबऱ्याशी थांबली. मग परत येऊन माझ्याजवळ बसली आणि ज्वारी निवडायला लागली.